घडीच्या कॅमेऱ्यात उजेड शिरतोय? भात्याला हात लावण्याआधी निगेटिव्हची कड बघा

रोल धुवून दोरीवर टांगला आणि फ्रेममागून फ्रेम धुरकट पट्टे दिसायला लागले, की पोटात गोळा येतो. घडीच्या कॅमेऱ्याची ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, आणि माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर तीनदा निस्तरली आहे, की आता ती एकदा नीट लिहूनच ठेवते.

माझा कॅमेरा वडिलांचा. आग्फा इझोलेट टू, १९५० च्या दशकातला, १२० या मापाच्या रोलवर ६×६ सेंटिमीटरच्या बारा फ्रेम देणारा. तो मी दुरुस्त केला हे कळल्यावर ओळखीपाळखीतून झाइस इकॉनचे नेटार आले, फोइग्टलँडर आले, एक रशियन मॉस्क्वा-५ आला. बहुतेकांचा दोष एकच होता: कुठून तरी उजेड आत येतोय. पण या ‘कुठून तरी’ची उत्तरं पाच-सहा आहेत आणि लोक थेट भात्यावर, म्हणजे लेन्स आणि फिल्मच्या मधल्या घड्यांच्या आवरणावर जातात. एका गृहस्थांनी भात्याच्या चारही कोपऱ्यांना काळी इलेक्ट्रिक टेप गुंडाळून कॅमेरा माझ्याकडे आणला. भाता ठणठणीत होता. उजेड शिरत होता मागच्या झाकणावरच्या, फ्रेमचा आकडा दाखवणाऱ्या लाल खिडकीतून. टेपच्या जाडीमुळे कॅमेरा मिटेना, आणि जोर लावून मिटताना पुढची एक पट्टी वाकली होती. हे टाळण्यासाठीच हा लेख.

आधी लक्षणं

पहिली गोष्ट म्हणजे निगेटिव्ह हातात घ्या. मोबाइलवर आलेल्या स्कॅनवरून निदान करू नका, कारण स्कॅन करणारा फ्रेमबाहेरची कड कापून टाकतो आणि खरी खूण नेमकी त्या कडेवर असते. रोल धुवायला देतानाच सांगून ठेवा, निगेटिव्ह परत हवीत. निगेटिव्हवर शिरलेला उजेड काळा दिसतो, फोटोत तोच पांढरा होतो.

नाशिककर गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीवर जोखतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला लागलं, एवढ्यावरून गावात काय झालं असेल ते कळतं. निगेटिव्हवर तसंच फ्रेमच्या कडेवरून जोखायचं. डाग फ्रेमच्या आतच थांबलाय की कड ओलांडून बाहेरच्या कोऱ्या पट्टीवर गेलाय, हा एकच प्रश्न आधी विचारा.

कारण असं. कॅमेऱ्यात फिल्म एका धातूच्या चौकटीमागे ताणून बसलेली असते. भात्यातून किंवा शटरमधून आलेला उजेड या चौकटीतूनच फिल्मवर पडू शकतो. म्हणून त्याचा डाग चौकटीच्या रेषेवर सुरीने कापल्यासारखा थांबतो. मागच्या झाकणातून किंवा रोलच्या बाजूने आलेल्या उजेडाला ही चौकट आडवी येत नाही. तो फ्रेमच्या बाहेर, दोन फ्रेमच्या मधल्या फटीत, फिल्मच्या अगदी काठापर्यंत पसरतो.

एवढं कळलं की पुढचं सोपं. डाग फ्रेमच्या आतच आहे, बहुतेक फ्रेमवर त्याच जागी आहे, पण कुठे फिका कुठे गडद आहे, तर भात्यावर संशय. फ्रेमच्या मध्याभोवती धूसर ढग असेल तर शटर. प्रत्येक फ्रेमवर ठरलेल्या जागी गोलसर किंवा लंबगोल डाग, कधी त्यात पुसटसा आकडा, तर लाल खिडकी. फिल्मच्या दोन्ही लांब काठांकडून आत येणारी काळी झालर, आणि तीही सुरुवातीच्या किंवा शेवटच्या फ्रेमवरच जास्त, तर रोल सैल गुंडाळला गेलाय. एकाच बाजूने आलेला पट्टा जो फ्रेमची कड ओलांडून शेजारच्या फटीतही गेलाय, तो झाकणाच्या बिजागरीचा किंवा कडीचा.

दोन गोष्टी दोषासारख्या दिसतात, पण कॅमेऱ्यात उजेड शिरल्याच्या नसतात. सगळी फिल्म, अगदी काठापर्यंत, सारखीच करडी असेल तर फिल्म जुनी आहे, किंवा मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत राहिली आहे, किंवा डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, गरम होता. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला पोळतं, आणि डेव्हलपरच्या वेळा सहसा २० अंश तापमानाच्या दिलेल्या असतात. आणि डाग फक्त सूर्याकडे तोंड करून काढलेल्या फोटोतच असेल, कोन बदलला की आकार बदलत असेल, तर ते लेन्सवरचं चमकणं. जुन्या लेन्सवर आजच्यासारखे थर नसतात, काहींवर तर मुळीच नसतात. हुड लावा, सूर्य पाठीशी घ्या.

रंगीत रोल वापरत असाल तर आणखी एक खूण मिळते. रंगीत फिल्ममध्ये लाल रंग टिपणारा थर सगळ्यात खाली, पाठीच्या बाजूला असतो. म्हणून मागून शिरलेल्या उजेडाचा डाग फोटोत बहुधा लालसर-नारिंगी येतो. भात्यातून, म्हणजे पुढून आलेला पांढुरका असतो.

फुकटात होणारी तपासणी: रोल भरणं आणि काढणं

इथून सुरुवात करायची, कारण पैसा लागत नाही आणि कॅमेऱ्याला हात लावावा लागत नाही. १२० च्या रोलला डबी नसते. फिल्म आणि तिच्या पाठीचा कागद एका स्पूलवर गुंडाळलेले, इतकंच. गुंडाळी घट्ट असेल तरच काठ बंद राहतात. सैल झाली की दोन्ही टोकांकडून उजेड झिरपतो.

नव्या रोलवर बाहेरचे वेढे पहिल्या फ्रेमचे असतात, काढलेल्या रोलवर बाहेरचे वेढे शेवटच्या फ्रेमचे. त्यामुळे १ आणि २ नंबरच्या फ्रेमचे काठ गेले असतील तर भरताना चूक, ११ आणि १२ चे गेले असतील तर काढताना. मी रोल नेहमी सावलीत भरते. घाटावर असेन तर एखाद्या ओवरीत जाते, काहीच नसेल तर उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत. कागदाचं टोक रिकाम्या स्पूलमध्ये अडकवल्यावर पहिले दोन-तीन फेरे भरलेल्या स्पूलवर अंगठा हलकेच टेकवून ठेवायचा, म्हणजे ताण राहतो. जुन्या कॅमेऱ्यात स्पूलखालची स्प्रिंगची पट्टी दमलेली असते आणि रोल मोकळाच फिरतो. जाड कागदाचा एक तुकडा त्या पट्टीखाली सरकवला की काम होतं.

रोल संपला की चिकटपट्टी लगेच ओली करून चिकटवा, वर रबरबँड लावा आणि काळ्या डबीत टाका. ‘घरी जाऊन चिकटवू’ म्हणत खिशात ठेवलेले रोल मी वाया गेलेले पाहिले आहेत.

लाल खिडकी

मागच्या झाकणावरची ही लाल काच म्हणजे फ्रेमचा आकडा बघायची जागा. १२० च्या कागदावर आकड्यांच्या तीन रांगा छापलेल्या असतात, ६×९, ६×६ आणि ६×४.५ साठी, आणि कॅमेऱ्याची खिडकी त्यातल्या आपल्या रांगेवर उघडते.

खिडकी लाल का, तर त्या काळी चालणारी बरीच फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल उजेडाला आंधळी होती. आजची बहुतेक फिल्म पॅनक्रोमॅटिक आहे, तिला लाल दिसतो. मध्ये फक्त कागद उरला. तो चांगला असतो, पण एप्रिलच्या उन्हापुढे किती टिकणार? शिवाय सत्तर वर्षांत लाल रंग उडून कित्येक खिडक्या फिक्या नारिंगी झालेल्या असतात, त्या तर फारच धोक्याच्या.

खिडकीला सरकती झडप असेल तर आकडा बघण्यापुरतीच उघडा, आणि रोल पुढे सरकवताना खिडकी अंगाच्या सावलीत धरा. झडप नसेल, किंवा ढिली होऊन आपोआप उघडत असेल, तर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा पुरतो. त्याचं एक टोक दुमडून ठेवा, म्हणजे नखाने उचलता येतं. टेप कापडी घ्या. प्लास्टिकच्या टेपचा गोंद आपल्या उन्हाळ्यात पाघळून खिडकीवर चिकट थर सोडतो. वर सांगितलेल्या त्या गृहस्थांचा कॅमेरा दोन इंच कापडी टेपने बरा झाला होता.

झाकण, कडी, बिजागरी

या कॅमेऱ्यांच्या झाकणाला १९७० नंतरच्या कॅमेऱ्यांसारखा फोम सहसा नसतो. धातूची कड धातूच्या खाचणीत बसते आणि उजेड तिथेच वळणं घेत मरतो. म्हणून दोष बहुतेक वेळा मळाचा किंवा पोचेचा असतो. खाचणीत साठलेली माती आणि फिल्मच्या कागदाचे कपटे कोरड्या ब्रशने काढा. मग झाकण बंद करून अंगठ्याने सगळीकडे दाबा. कुठे हलत असेल, ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर तिथे कडी सैल आहे. तात्पुरता इलाज म्हणजे रोल भरल्यावर त्या कडेवर कापडी टेप. कायमचा म्हणजे खाचणीत काळ्या लोकरीचा एक धागा, पातळ गोंदाने. दोरा नको, लोकर दबते म्हणून ती. धागा इतका जाड नको की झाकण बंद करायला जोर लागेल.

पोच ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला फिल्म सपाट दाबून धरणारी प्रेशर प्लेट असते. ती जराशी तिरपी झाली तर उजेड थांबेल, पण अर्ध्या फोटोचा फोकस जाईल.

आता भाता

भाता म्हणजे तोच, लोहाराकडे असतो तो, पेटीला असतो तो. लोहाराचा आणि पेटीचा हवा धरतो, हा उजेड धरतो. पहिल्यांदा भाता शिवायची वेळ आली तेव्हा मी जुन्या नाशकातल्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांकडेच गेले होते. त्यांनी कॅमेऱ्याचा भाता उघडून दोन बोटांत धरला, कोपऱ्याची घडी चिमटीत फिरवली आणि म्हणाले, “कोपराच जाणार, दुसरं काय. पेटीचाही तिथेच जातो.” सपाट बाजूंना आत कडक कागदाच्या पट्ट्या असतात, त्या वाकत नाहीत. सगळी वाकावाकी कोपऱ्यावर येते, आणि तिथे तर कापड किंवा चामडं चार पदरी दुमडलेलं असतं. उघड-मिट करता करता शेंड्यावरचा थर झिजतो आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं.

भोक एवढुसं असलं तरी ते सतत उघडं असतं. शटर सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात उघडून मिटतं, भाता मात्र कॅमेरा उघडा आहे तोवर गळत राहतो. म्हणूनच भात्याचा डाग कुठे फिका, कुठे गडद असतो. मला हे चैत्रातल्या कामदा एकादशीला कळलं. पंचवटीत रामरथ निघायचा होता. मी दुपारपासून जागा धरून, कॅमेरा उघडून गळ्यात घालून उभी. रोल धुतला तेव्हा भराभर काढलेल्या फ्रेमवर नुसती पुसट छाया होती, आणि ज्या फ्रेमवर रथाची वाट बघत वीस मिनिटं थांबले होते तिच्यावर डावीकडून पांढरा फटका, रथाच्या कळसासकट सगळं गिळलेलं. तो रथ मला पुढच्या वर्षीपर्यंत मिळणार नव्हता. तेव्हापासून फोटो काढला की कॅमेरा मिटते, आणि पुढची फ्रेम फोटो काढायच्या आधी सरकवते, काढून झाल्यावर नाही.

(याचा आणखी एक फायदा आहे. कॅमेरा झटक्यात उघडला की भात्यात हवेची ओढ तयार होते आणि ताणलेली फिल्म पुढे खेचली जाते, फोकस बिघडतो. सावकाश उघडायचा, मग फिल्म सरकवायची, म्हणजे ती पुन्हा सपाट बसते. सावकाश उघडल्याने कोपरेही जास्त वर्षं टिकतात.)

तपासणी अशी. रात्री, खिडकी नसलेल्या खोलीत. मी मोरीत करते. कॅमेऱ्यात फिल्म नको. भाता पूर्ण उघडा, मागचं झाकण उघडा, आत छोटी एलईडी बॅटरी घाला आणि झाकणाच्या बाजूने काळं कापड गच्च गुंडाळा, म्हणजे उजेड मागून बाहेर येणार नाही. मोबाइलचा दिवाही चालतो, पण मोबाइल चौकटीवर सपाट टेकत नाही आणि कडेने उजेड सांडतो. बारीक बॅटरी सरस. आता दिवा मालवा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं बसा. इथे घाई करणाऱ्याला भोकं दिसत नाहीत, आणि मग तो ‘भाता चांगला आहे’ असं सांगत फिरतो.

मग एकेक कोपरा डोळ्यांसमोर आणा. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा इझोलेटच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर एका ओळीत तीन चांदण्या दिसल्या, मधली जरा मोठी. भाता बोटाने हलकेच खाली दाबला तर चौथी उगवली. म्हणून नुसतं बघू नका, कोपरा थोडा दाबून, थोडा ताणून बघा. काही भोकं ठरावीक ताणावरच उघडतात. सापडलेल्या प्रत्येक भोकाशेजारी खडूचा ठिपका द्या. उजेडात ती पुन्हा सापडत नाहीत.

निगेटिव्हशीही पडताळून घ्या. धुतलेली पट्टी कॅमेऱ्याच्या चौकटीवर होती तशीच ठेवा: चमक नसलेली बाजू लेन्सकडे, आकड्यांचा क्रम पूर्वीचाच. आता डाग चौकटीत कुठे पडलाय ते बघा. उजेड भोकातून शिरून आडवा जातो, म्हणून भोक बहुधा डागाच्या समोरच्या बाजूला असतं. ठिपका आणि डाग जुळले तर शंका उरत नाही. न जुळले तर अजून एखादं भोक शोधायचं राहिलंय.

डागडुजी कशाने

एक ते पाच-सहा भोकं असतील तर घरी होतं. काळा फॅब्रिक किंवा अॅक्रिलिक रंग आणि फेविकॉल सारख्याच मापाने मिसळा, हवं तर दोन थेंब पाणी. अगदी बारीक ब्रशने, भाता पूर्ण उघडलेला असताना, बाहेरून, फक्त कोपऱ्याच्या शेंड्यावर. पहिला थर इतका पातळ की खालचं कापड दिसावं. तो वाळला की दुसरा, मग तिसरा. एक जाड थर घातला तर पहिल्याच घडीला तडकतो. नुसता रंगही तडकतो, फेविकॉल त्याला लवचिकपणा देतं. भाता पूर्ण दिवसभर उघडाच वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस. मिटण्याआधी बोटाच्या टोकाने किंचित टाल्कम पावडर फिरवा, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या वेळी उघडताना तुम्ही लावलेला थरच सोलून निघतो.

नेलपॉलिश नको, ते काचेसारखं तडकतं. इलेक्ट्रिक टेप नको, तिची कथा वर आलीच आहे. आणि चामडं मऊ व्हावं म्हणून खोबरेल तेल लावू नका. हे सांगावं लागतं, कारण घराघरांतून आलेल्या कॅमेऱ्यांवर मला ते तेल सापडतं, वासच येतो. भाता म्हणजे एकावर एक डकवलेले थर. तेल त्यांच्यामधल्या गोंदात उतरतं, थर सुटतात, आणि पावसाळ्यात त्याच तेलावर बुरशी धरते. ती पुढे लेन्सपर्यंत जाते.

भोक मोठं असेल, तांदळाच्या दाण्याएवढं, तर रंगाने बुजत नाही. तिथे पातळ छिललेल्या काळ्या चामड्याचा तुकडा बसवावा लागतो. पेटीवाल्या काकांनी मला चामडं छिलायला शिकवलं: काचेवर उलटं पसरायचं, धारदार पात्याने मागून खरवडत जायचं, मध्ये थोडं जाड, कडांना कागदासारखं. माझे पहिले चार तुकडे फाटले. पाचवा नीट बसला.

इझोलेटवाल्यांसाठी वेगळं सांगते. आग्फाच्या त्या काळातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा भाता खऱ्या चामड्याचा नाही, चामड्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम कापडाचा आहे, आणि तो सगळ्या कोपऱ्यांवर एकदमच जायला लागतो. आज तीन भोकं बुजवाल, दिवाळीपर्यंत दुसरी चार दिसतील. माझ्याच कॅमेऱ्यावर असं दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी भाता बदलला. झाइस इकॉनचे भाते त्यामानाने टिकाऊ. माझ्याकडे आलेल्या नेटारांचे भाते नुसत्या धुळीखाली शाबूत निघाले. त्यामुळे नेटारवर डाग दिसला तर भात्याचा नंबर यादीत खाली ठेवा.

शंका राहिलीच तर एक रोल खर्ची घाला

कधी कधी खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात. मग काळ्या-पांढऱ्या फिल्मचा एक रोल, शक्यतो मुदत उलटलेला, तपासणीसाठी घ्या. वहीत लिहीत जा. पहिली फ्रेम: कॅमेरा मिटलेला, पिशवीत, दहा मिनिटं. दुसरी: मिटलेला, लाल खिडकी बंद, दुपारच्या उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवत दोन मिनिटं. तिसरी: मिटलेला, लाल खिडकी उघडी आणि उन्हाकडे, एक मिनिट. चौथी: भाता उघडा, लेन्सवर काळं कापड बांधलेलं, उन्हात दोन मिनिटं. पाचवी: भाता काळ्या कापडाने झाकलेला, लेन्स उन्हाकडे, शटर बंद, दोन मिनिटं. या पाच फ्रेमवर शटर एकदाही दाबायचं नाही. धुतल्यावर ज्या फ्रेमवर डाग, तो मार्ग दोषी. पहिल्या फ्रेमवरही असेल तर दोष भरण्यात किंवा फिल्ममध्ये.

उरलेल्या सात फ्रेमवर गडद विषय टिपा, कारण उजेडाचा डाग गडद जागीच ठळक उठतो. मी नारोशंकराच्या देवळाची काळी भिंत सावलीच्या बाजूने घेते. पांढऱ्या आकाशात जो डाग दिसणारच नाही, तो त्या पाषाणावर स्पष्ट दिसतो.

शटर आणि त्याच्या मागची चकती

पाचव्या फ्रेमवर डाग आला तर शटर. अंधाऱ्या खोलीत लेन्ससमोर बॅटरी धरा, मागून बघा. पात्यांच्या मध्ये चांदणीसारखी फट दिसली तर पाती पूर्ण मिटत नाहीत, बहुतेक वेळा त्यांच्यावर जुनं तेल आलेलं असतं. पात्यांऐवजी भोवतीच्या गोलावर उजेडाची कड दिसली तर शटर पुढच्या पट्टीवर सैल बसलंय. शटरचं घर दोन बोटांनी धरून हळूच फिरवून बघा. हललं तर मागची गोल चकती ढिली आहे. ती आवळता येते, पण तिच्या दोन खाचांत बसणारा खास पाना लागतो. कात्रीच्या टोकांनी आवळायला गेलात तर टोक घसरून मागच्या काचेवर ओरखडा पडतो, आणि तो प्रत्येक फोटोत राहतो.

इथे थांबा

लाल खिडकी, रोल, झाकणाची लोकर, भात्याची पाच-सहा भोकं, एवढं घरी करा. त्यापुढे खालील गोष्टींना मी स्वतः हात लावत नाही किंवा लावला तर पस्तावते.

शटर उघडू नका. आत केसाएवढ्या स्प्रिंगा असतात, झाकण उचललं की उडतात. तेल तर मुळीच घालू नका. ही पाती कोरडी चालायची असतात, तेलाचा एक थेंब सगळ्या पात्यांवर पसरून त्यांना एकमेकींना चिकटवतो. पेट्रोल किंवा लायटरचं इंधन बाहेरून ओतणं हाही इलाज नाही. विरघळलेलं तेल लेन्सच्या आतल्या बाजूला जाऊन बसतं.

लेन्सच्या काचा काढू नका. पुढची काच फिरवूनच बऱ्याच कॅमेऱ्यांत फोकस होतो. तिचा आटा एक फेरा चुकीच्या जागी धरला की अनंतावरचा फोकस हरवतो. आग्फामध्ये त्या आट्यातलं ग्रीस हिरवं, डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. पक्कडने जोर लावून ते सोडवायला गेलेले कॅमेरे माझ्याकडे तुटलेल्या कड्यासह आले आहेत.

भाता पूर्ण बदलायचा असेल तर कारागिराकडे द्या. नवा भाता शिवणं त्यात सोपं आहे, मी माझा ब्लॅकआउट कापडाचा शिवला. अवघड आहे तो बसवणं. शटर काढावं लागतं, जुना गोंद खरवडावा लागतो, आणि पुढची पट्टी परत फिल्मशी समांतर उभी राहावी लागते. माझा भाता मी शिवला, पण बसवायला दिला. परत आल्यावर एक गोष्ट मात्र स्वतः तपासा. चौकटीवर बटर पेपर ताणून चिकटवा, शटर ‘बी’वर (बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं राहतं ती खूण) उघडं ठेवा, फोकस अनंतावर, आणि पांडवलेण्यांच्या डोंगराकडे कॅमेरा धरा. डोंगराची रेघ कागदावर मध्ये आणि चारही कोपऱ्यांत सारखी रेखीव हवी. एका बाजूला विरघळत असेल तर पट्टी तिरपी बसली आहे. तसाच घेऊन येऊ नका, तिथेच दाखवा.

कारागिराकडे जाताना कॅमेऱ्याबरोबर निगेटिव्हची पट्टी न्या, फोटो नको. भात्यावरचे खडूचे ठिपके पुसू नका. तपासणीच्या पाच फ्रेमची वही बरोबर ठेवा, आणि आधी काय काय लावलंय, रंग, गोंद, तेल, ते न लपवता सांगा. तेल लागलेल्या भात्यावर नवा गोंद धरत नाही, आणि हे त्याला काम हातात घेण्याआधी कळलं पाहिजे.